बिल्किसची डावी चप्पल

इरफानचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. त्याचा आवाज ऐकला आणि काय झालं ते त्यानं सांगायच्या आधीच समजलं. तरी माणसाचं मन कसं असतं बघा... "खाला, अम्मी गेली," असं तो म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "गाडी कुठंय?" मग तो हळूच म्हणाला, "गाडी घरीच आहे खाला. अम्मीपण घरीच आहे." कित्येक वर्षं आम्ही सगळे धरून चाललो होतो की ही बाई जाईल ती स्टेअरिंगवरच, मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मध्ये कुठंतरी, एखाद्या ट्रकला मागे टाकताना. आणि गेली ती अकोल्याच्या घरी, आपल्या पलंगावर, दुपारचा चहा सांगून. चहा येईपर्यंत काही थांबली नाही. थांबणं तिला कधी जमलंच नाही म्हणा.

माझी आणि बिल्किसची दोस्ती अमरावतीच्या कॉलेजातली. ती चांदूर बाजारची, वडिलांची संत्र्याची बाग, घरी एकुलती एक. मी गावातल्या वकिलाची मुलगी, दोन वेण्या, इस्त्रीचं पातळ आणि स्वतःबद्दल फार थोर मत. त्या काळातली मी आज मला रस्त्यात भेटले तर मी दुसऱ्या गल्लीनं निघून जाईन, इतकी ती मुलगी असह्य होती. 'स्त्रीने स्वतःच्या जीवनाचे सुकाणू स्वतः धरावे' या विषयावर बोलून मी वक्तृत्वाची ढाल आणली होती, आणि ती ढाल घरी येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, दाखवून झाली होती. त्याच आठवड्यात बिल्किस मला त्यांच्या बागेत घेऊन गेली. बागेत तिच्या अब्बांची जीप होती आणि ती जीप ही पोरगी झाडांच्या ओळींतून अशी काढायची की पानालाही धक्का लागू नये. मी म्हटलं, मलाही शिकव. ढाल आणलेली बाई, जीपचं काय घेऊन बसलात!

ती बाजूला बसली. म्हणाली, "क्लच हळू सोडजो बरं. दुधावरची साय उचलतं ना, तसा पाय उचल." आता आमच्या घरी साय आई काढायची, मी फक्त खायची. मी पाय उचलला तो एकदमच उचलला. जीप बेडकासारखी उड्या मारत निघाली, बिल्किस "ब्रेक! ब्रेक मार वं!" करून ओरडतेय, मी स्टेअरिंगला मिठी मारून डोळे मिटलेले, आणि जीप जाऊन बसली ओलिताच्या दांडात, पाण्याच्या पाटात. सुकाणू धरलं होतं हो मी, अगदी घट्ट धरलं होतं. राहिला तो पाय. तिचे अब्बा खाटेवरून उठून शांतपणे आले, जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "शाब्बास बेटी. एकही झाड नाही पाडलंस." बिल्किस हसून हसून दांडातच बसली. आणि मी? मी घरी येऊन 'यंत्रयुग आणि हरवलेले माणूसपण' असा निबंध लिहिला, कॉलेजच्या वार्षिकात छापूनही आणला. एका क्लचचा राग मी अख्ख्या शतकावर काढला.

पुढे ती लग्न होऊन अकोल्याला गेली. हमीदभाईंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी अमरावतीतच राहिले, शाळेत मराठी शिकवलं, पोरं मोठी केली. हमीदभाई फार लवकर गेले. अब्बाही गेले आणि बाग बिल्किसच्या नावावर आली. दुकान इरफाननं हाती घेतलं, बाग हिनं. आणि मग, ज्या वयात आम्ही बाकीच्या बायका गुडघ्याला तेल चोळायला बसलो, त्या वयात हिनं एक काळी, उंच, जाड टायरांची गाडी आणली. टर्बोचं डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर, आणि गिअरचा दांडा हा एवढा. अकोल्याहून चांदूर बाजारला दर्यापूरवरून जवळ पडतं, पण ही दर आठवड्याला वाट वाकडी करून अमरावतीवरून यायची. कारण माझ्याकडची डाळीच्या गोळ्यांची कढी. फाटकाशी येऊन इंजिन एकदा घुमवायची. आमचे हे म्हणायचे, "आली तुझी मैत्रीण. काचा वाजल्या."

ती वर्षं कशी होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. सकाळी पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी दिसली की आम्ही आधी गावाचं नाव बघायचो, ओळखीचं आहे का, आणि मग आडनाव. कापसावर लाल्या रोग आला की बाजार सुना पडायचा. संत्र्याचं दुःख जरा वेगळं, सावकाशीचं. पाणी खाली गेलं की पिकाचं एक वर्ष जातं, पण झाड गेलं तर बापानं लावलेलं जातं. चांदूर बाजारच्या रस्त्याला आधी पिवळ्या पडलेल्या बागा दिसायच्या, मग वाळक्या, मग नुसते बुंधे, आणि समोरून आरामशीनकडे लाकूड घेऊन जाणारे ट्रॅक्टर. बिल्किस ते ट्रॅक्टर मोजायची नाही. तसा एखादा समोर आला की बोलता बोलता गप्प व्हायची आणि तो मागे पडला की पुन्हा बोलायला लागायची. तिची बाग टिकली ती तिच्या जाण्यामुळे. टँकर आला की नाही, तो खरंच बुंध्याशी रिकामा झाला की अर्धा वाटेत सांडला, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या का, हे ती स्वतः प्रत्येक ओळीतून चालून बघायची. बागेवरचे नामदेवराव म्हणायचे, "आपा आल्या की झाडंबी नीट उभी राह्यतात."

इरफानला ती बाग नको होती आणि त्याला मी दोष देत नाही. पिकं बुडाली की ट्रॅक्टर दारात नुसते उभे राहतात आणि ट्रॅक्टर उभे राहिले की त्याचं दुकानही उभं राहतं. त्यात आई सत्तरीला टेकलेली, दर आठवड्याला त्या फुटक्या महामार्गावर एकटी. त्याचं म्हणणं, झाडं उभी आहेत तोवर विकू. भांडणं झाली, बोलणं बंद झालं, आणि शेवटी माझ्याच जेवणाच्या टेबलावर मायलेकांचा करार झाला. बिल्किस म्हणाली, "माह्यानं स्वतः जानं होते तोवर बाग राहीन. ज्या दिवशी माह्यानं जानं होनार नाई, त्या दिवशी इकून टाक. मी एक शब्द बोलनार नाई." इरफान म्हणाला, "ड्रायव्हर ठेव अम्मी, मग जात राह्य." तर ही ताठ झाली. "ड्रायव्हरनं नेलं तं थे जानं कायचं? थे तं नेनं झालं." अट तिनंच घातली होती, कोणी घातली नव्हती तिच्यावर. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तीच अट तिच्या गळ्याशी आली.

याच सुमारास माझ्या नशिबात गाडी आली. माझ्या पुण्याच्या मुलानं हौसेनं एक मोठी गाडी घेतली होती, जबरी इंजिनाची, पण ऑटोमॅटिक. क्लचच नाही. त्याची परदेशी बदली झाली आणि गाडी अमरावतीला माझ्या दारात येऊन पडली. "आई, उभी राहून खराब होईल, चालवत जा," असं तो म्हणाला. आईची ओलिताच्या दांडातली कीर्ती त्याच्या कानावर नव्हती. पण मी बसले, दांडी ओढून 'डी'वर आणली, पाय दाबला... आणि गाडी निघाली की हो! ना उडी ना झटका. ढाल मिळाल्यावर जेवढी मिरवले नव्हते तेवढी त्या दिवशी मिरवले. नातीला, सईला, मागे बसवून गावभर हिंडले. तीन चौकांत ओळखीचं कोणी दिसेना म्हणून चौथ्यात गेले.

बिल्किसनं गाडीभोवती फेरी मारली, आत डोकावून पेडल पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "हे गाडी नाई वं सुमे, झुला आहे. बसाचं अन् झुलाचं. चालवनारी तू कुठी आहेस याच्यात?"

"मागच्या खेपेला मी होते ना चालवणारी, दांडात गेलेली. तुला तीच बरी वाटते का?"

"हाव. थे निदान आपल्या हातानं गेली होती."

मग काय, दर आठवड्याला हाच विषय. मी म्हणायची, तुझी गाडी म्हणजे सासुरवास आहे, सारखं तिचं मन ओळखून पाय हलवायचा. ती म्हणायची, तुझी गाडी म्हणजे सरकारी कचेरी, अर्ज दिल्यावर विचार करणार. आणि खोटं कशाला बोलू, तिच्या बोलण्यात तथ्य होतं. वलगावच्या पुढे एकदा मी एसटीच्या मागे अडकले. मोकळा रस्ता दिसला म्हणून पाय दाबला, तर गाडी क्षणभर नुसती गुरगुरली. बाजूला बिल्किस. म्हणाली, "साहेबाले विचारून राह्यली का?" तेवढ्यात साहेबांचा होकार आला असावा, कारण गाडीनं अशी झेप घेतली की आम्ही दोघी किंचाळलो. परत आल्यावर तिनं मला आपल्या गाडीत बसवून त्याच रस्त्यावर, दुसऱ्या एसटीमागे नेऊन दाखवलं. "बाहेर निघाच्या आधी तिसऱ्यात घ्याचं. इंजिन हुशार झालं का मंग निघाचं." पाय खाली, दांडा मागे, पाय वर... साय उचलावी तसाच. इंजिनाचा आवाज चढला, काळी गाडी सरळ रेषेत पुढे गेली आणि एसटी मागे राहिली तेव्हा माझ्या हातातल्या ताकाच्या पेल्यातला थेंबही हलला नव्हता. चिखलदऱ्याचा घाट तर ती दुसऱ्या गिअरमध्ये अशी उतरायची की ब्रेकला पाय नाही. माझी गाडी उतारावर सुटायची आणि मी ब्रेकवर उभी. पण राजकमल चौकातल्या गर्दीत माझी पाळी यायची. तिचा डावा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा खाली-वर, आणि माझा डावा पाय आराम करतोय. "बघ, कसा बसलाय नवाबासारखा," मी म्हणायची. ती म्हणायची, "बसू दे. एक दिवस उठता येनार नाई त्याले."

उठता आलं नाही ते तिच्या पायाला.

त्या दिवशी फाटकाशी इंजिन घुमलं नाही. गाडी आली, एक आचका दिला आणि बंद पडली. बिल्किसची गाडी बंद पडणं ही गोष्ट मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी बाहेर गेले तर ती आतच बसलेली, दोन्ही हात स्टेअरिंगवर. चेहरा घामानं भिजलेला. "पाय ऐकून नाई राह्यला वं सुमे," म्हणाली. "दाबता येते, पन धरून ठेवता येत नाई. सुटून जाते एकदम." बडनेऱ्यापासून ती एकाच गिअरमध्ये आली होती, कुठं थांबावं लागू नये म्हणून देवाचं नाव घेत. कमरेतली शीर दाबली गेल्यानं त्या पायातला जोर गेला आहे आणि तो परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं ते घरी सांगितलंच नव्हतं. सांगणार कशी? पाय गेला तर क्लच गेला, क्लच गेला तर जाणं गेलं, जाणं गेलं तर बाग गेली. सगळं एकाला एक बांधलेलं, आणि बांधणारी तीच.

मी म्हटलं, माझी गाडी ने. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना नुसती कढी ढवळत बसली. हात धुताना मात्र पाठमोरीच म्हणाली, "झुला शिकाले किती दिवस लागते?"

आता गंमत बघा. दांडात जीप घालणारी मी गुरू, आणि ही शिष्या. सुट्टीच्या सकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानावर आम्ही गेलो. नंतर बागेत जायचं म्हणून गोळ्यांच्या कढीचा डबा माझ्या मांडीवर. मी शक्य तेवढ्या मोठेपणानं म्हटलं, "डावा पाय विसरून जायचा." ती म्हणाली, "हाव, समजलं." गाडी छान निघाली, वेग घेतला, आणि वळणाशी आल्यावर तिचा डावा पाय सवयीनं क्लच शोधत गेला. क्लच तिथं नाही. तिथं ब्रेक, आणि तोही चांगला रुंद. सगळ्या ताकदीनं दाबला गेला. माझं कपाळ पुढे, डब्याचं झाकण वर आणि कढी समोरच्या काचेवर. एक गोळा त्या हवेच्या जाळीत जाऊन अडकला. हळदीचा डाग अजून आहे, सईनं कितीदा घासला तरी गेला नाही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "एकही झाड नाही पाडलंस," मी म्हटलं. बिल्किस हसली, खूप हसली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते त्याच मैदानात.

त्या पायाला आवरायला आम्ही काय काय केलं! मांडीखाली दुमडून बसवला तर मुंग्या आल्या. ओढणीनं सीटच्या पायाला बांधला तर उतरताना सोडायचं विसरून ती जवळजवळ पडली. मी "डावा! डावा!" ओरडत राहायचे, तर तिला वाटायचं डावीकडे वळ म्हणते. पायाला गाडी चालवायची इतकी सवय की पेडल दिसलं नाही तरी तो आपला शोधायला निघायचा. शेवटी एके दिवशी वैतागून तिनं डाव्या पायातली चप्पल काढली आणि माझ्या अंगावर टाकली. "धर वं हे! आता पाहतो कुठी जाते थो." आणि काय सांगू, पाय गेला नाही. पुढच्या वळणाला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. चटईवर उघडा पडून राहिला, शांत. मी विचारलं, हे कसं गं? ती जरा विचार करून म्हणाली, "चप्पल काढली का त्याले वाटते घरात आलो, नाईतं नमाजाले आलो. चप्पल काढल्यावर कोनी उंडारते काय? अदबीनं बसते."

झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. गाडीत बसायचं, दार लावायचं, डावी चप्पल काढायची आणि "घे" म्हणून मला द्यायची. मी ती मांडीवर ठेवायची. माझ्या सासूबाईंनी वरून पाहिलं असेल तर त्यांनी तिथंसुद्धा आंघोळ केली असेल. मी सोबत नसले की ती बाजूच्या रिकाम्या सीटवर चप्पल ठेवून निघायची. टोलवरची पोरं बघायची, एका सीटवर म्हातारी आणि दुसऱ्या सीटवर चप्पल. बागेपर्यंतचा रस्ता ती पुन्हा कापू लागली. तिची काळी गाडी माझ्या दारात उभीच राहिली आणि अकोल्याहून माझ्या दारापर्यंत ती, गाडी दुरुस्तीला टाकली आहे असं काहीबाही सुनेला सांगून, भाड्याच्या जीपनं यायची. हे असं किती दिवस चालणार...

इरफान एकदा दुकानाच्या कामानं अमरावतीला आला आणि थेट माझ्या फाटकाशी. आईच्या गाडीवर धुळीचा थर. "खाला, अम्मीची गाडी इथं, अन् अम्मी कुठं?" मी घाईनं म्हटलं, "पंक्चर आहे रे." आता सुट्या भागांच्या दुकानदाराला पंक्चर सांगावं! त्यानं चारही टायरांना एकेक लाथ मारली, पाचवं मागं टांगलेलं, त्यालाही मारली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी चहा टाकायला आत पळाले. तेवढ्यात माझी पांढरी गाडी वळणावरून आली आणि बिल्किस उतरली, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

त्याला सगळं समजायला वेळ लागला नाही. तो ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "तूच म्हणायची ना अम्मी, क्लच नाई तं चालवनं नाई. झुला आहे म्हणे. मंग झुल्यात बसून गेलेली तू, थे जानं कसं काय झालं?" मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. तिचेच शब्द, तिचीच अट, आणि मध्ये एक बाग. मला वाटलं आता ही चिडणार. ती चिडली नाही. कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हाव, म्हनत होती. पाय होता तवा म्हनत होती." आणि गाडीचं दार उघडून, "बस. तूच पाह्य अन् तूच सांग, हे जानं आहे का नेनं."

तो पुढे बसला, मी चहा तसाच ठेवून मागे. तिनं चप्पल त्याच्या हातात दिली. "धर." तो त्या चपलेकडे बघतच राहिला. वलगाव गेलं, आसेगावचा पूल गेला. पुढे ट्रक आला की ती गाडीला आधीच इशारा द्यायची, पाय जरासा दाबून, साहेबाचा विचार संपेपर्यंत मागे थांबून, आणि मग निघायची. माझ्या गाडीला मी सहा महिन्यांत जे शिकवलं नव्हतं ते हिनं तिला सहज शिकवलं होतं. इरफान एका हातानं वरची मूठ धरून आणि दुसऱ्यात आईची चप्पल. थोड्या वेळानं बिल्किस म्हणाली, "काहून रे, तुहा पाय काहून चालून राह्यला? तिकडे तं काईच नाई." खरंच, प्रत्येक वळणाला तो डाव्या पायानं चटई दाबत होता. तो हसला. मग मीही हसले. बागेत तो तिच्या मागे मागे ओळीतून चालला, ती लंगडत पुढे. बहार नुकता फुटला होता. संत्र्याच्या फुलांच्या वासात माणसाला फार वेळ रागावता येत नाही. तिथं त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी नामदेवरावांशी नातवंडांच्या गप्पा मारत बसले होते. परतताना इरफान एवढंच म्हणाला, "खाला, तुमच्या गाडीचे मागचे टायर गेले आहेत. बदलून घ्या." महिनाभरात त्यानं तिची ती काळी गाडी देऊन तशीच दुसरी आणली, तेवढीच उंच, तेवढीच ताकदीची, पण क्लच नसलेली. तोंडानं कधी काही कबूल केलं नाही. तिनंही विचारलं नाही.

त्या गाडीनं ती पुढे बरीच वर्षं गेली. काही झाडं वाळलीच. तिथं तिनं नवी लावली. चांगला पाऊस आला, वाईट आला. शेवटच्या महिन्यांत मात्र दर आठवड्याचं जाणं महिन्यावर आलं. मी फोनवर विचारायची, "काय गं, झुला कसा आहे?" ती म्हणायची, "झुला बरा आहे. झुलनारी थकली."

चाळिसाव्या दिवसाचं झाल्यावर एका सकाळी फाटकाशी इंजिन घुमलं. काचा वाजल्या. माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला तो फुटलाच. बाहेर इरफान. "बागेत जाऊन येतो म्हटलं खाला. चलता?" मी कढीचा डबा भरला. त्याच्या मनात काय आहे ते विचारायचा धीर झाला नाही. करार मला पाठ होता. जिनं स्वतः जायचं ती आता जाणार नव्हती, आणि मी एक शब्द बोलणार नाही, असंही तीच म्हणाली होती... आता बोलायला ती होती कुठं?

तो दुकानाची मालाची गाडी चालवणारा, क्लचवाली. अम्मीची ही गाडी त्यानं फारशी हाती धरलेली नव्हती. अकोल्याहून सरळ महामार्गावर निभावलं, पण गावाबाहेरच्या पहिल्याच वळणाला त्याचा डावा पाय सवयीनं गेला आणि ब्रेकवर पडला. माझं कपाळ पुढे. डबा या खेपेला मी पायाशी ठेवला होता, वयानं तेवढी अक्कल येते. "माफ करा खाला, माफ करा," तो घाबरून म्हणाला, "ती सवय..." गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. मग तसाच म्हणाला, "एक माणूस आला होता, बाग पाहायला. मी त्याला सांगितलं, आधी मी जाऊन येतो."

आधारासाठी हात दाराच्या कप्प्यात गेला तर बोटांना काहीतरी लागलं. तपकिरी, अंगठ्याची, टाचेला झिजलेली. शेवटच्या खेपेला तिला उचलून घरात नेलं तेव्हा तिथंच राहिलेली. ती मी मांडीवर घेतली आणि दुसरा हात त्याच्यापुढे केला.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग मांडीकडे. वाकला, डाव्या पायातली चप्पल काढून माझ्या हातात दिली, आणि दांडी 'डी'वर ओढली. आसेगावच्या पुलापर्यंत मी दोन्ही चपला धरून बसले होते, एक त्याची आणि एक तिची, दोन्ही डाव्या.